कोल्हापुरात शँटीची बैठक: झील आधी, गाणं मग

शिडाच्या व्यापारी जहाजांवर खलाशी दोर ओढताना, नांगर वर घेताना, पंप मारताना जी गाणी म्हणत, ती शँटी. एकोणिसावं शतक हा त्यांचा भराचा काळ. वाफेची जहाजं आली, हातांचं काम यंत्राकडे गेलं आणि ही गाणी जहाजावरून उतरून किनाऱ्यावरच्या लोकांकडे आली. शिडाच्या शेवटच्या जहाजांवर काम केलेले स्टॅन ह्युगिल (1906–1992) यांनी ती पुढच्या पिढीला प्रत्यक्ष गाऊन शिकवली. इंग्रजी जहाजांवर आपल्या कोकणातले खलाशीही मोठ्या संख्येनं होते, त्यामुळे हे जग आपल्याला वाटतं तितकं लांबचं नाही. ही गाणी मिळून म्हणायची बैठक कोल्हापुरात कशी बसवायची, ते इथे सांगतो.

कोल्हापुरात समुद्र नाही, पण शँटीला लागते ती झील, म्हणजे एकाच्या ओळीला बाकीच्यांनी मिळून दिलेलं उत्तर, आणि झील धरणारे गळे इथे गल्लोगल्ली आहेत. पोवाड्यात शाहिरामागे ‘जी जी रं जी’ येतं. भजनात बुवांनी सोडलेलं ध्रुपद टाळकरी उचलतात. कापणीच्या ओळीत एकानं भलरी सुरू केली की बाकीचे साथ देतात. जोतिबाच्या डोंगरावर एकानं ‘जोतिबाच्या नावानं’ म्हटलं की पुढचं ‘चांगभलं’ कुणाला शिकवावं लागत नाही. शँटीची बांधणी हीच: एक जण ओळ टाकतो, बाकीचे उत्तर देतात, आणि उत्तरावर दोर सरकतो. ओळ टाकणाऱ्याला जहाजावर शँटीमन म्हणत. इथे त्याला ‘पुढचा’ म्हणू आणि बाकीच्यांना झीलकरी.

काम कोणतं, त्यावर चाल ठरते

गाणी निवडण्याआधी प्रत्येक गाणं कोणत्या कामाचं आहे ते बघा. हे न बघता नुसत्या चाली गोळा केल्या की सगळी गाणी एकाच वेगानं, एकाच जोरानं म्हटली जातात आणि तासाभरात बैठक कंटाळते.

शीड चढवायच्या दोराची गाणी लांब ओढीची. पुढच्याची ओळ चालू असताना सगळे दम घेतात आणि दोर नव्यानं पकडतात. उत्तराच्या ओळीत सहसा दोन ओढी असतात. म्हणजे विसावा गाण्यातच बांधलेला आहे, तो खाऊ नका. आखूड ओढीच्या गाण्यात बराच वेळ काहीच होत नाही, मग शेवटच्या शब्दावर सगळ्यांची मिळून एकच जोरदार ओढ. ताणलेला दोर अजून वीतभर घट्ट करायचा असला की ही.

नांगर वर घ्यायचं यंत्र म्हणजे उभा रहाट. त्याला आडवे दांडे घालून माणसं छातीनं रेटत गोल चालत. गुऱ्हाळावर पूर्वी बैल चरकाभोवती फिरायचे, तसंच. या कामात झटका नाही, अखंड चाल आहे. म्हणून या गाण्यांना लांबलचक ध्रुपद आणि मोकळी चाल असते. पंपाची गाणीही याच जातीची. चौथा प्रकार दोर हातात धरून पाय आपटत डेकवरून चालत जाण्याचा. सगळ्यांना ठाऊक असलेलं ‘ड्रंकन सेलर’ यातलं.

काम संपल्यावर बसून म्हणायची गाणी वेगळी. ती शँटी नव्हेत, पण बैठकीत त्यांना जागा हवीच, कारण लोकांना श्वास घ्यायला ती लागतात. जानेवारी 2021 मध्ये मोबाइलवरून जगभर गेलेलं ‘वेलरमन’ हेही काटेकोर अर्थानं शँटी नाही. ते न्यूझीलंडच्या देवमाशाच्या शिकारीचं कथागीत आहे, आणि त्यातला वेलरमन म्हणजे 1831 मध्ये ओटागोला शिकारीचं ठाणं उभारणाऱ्या वेलर बंधूंच्या पेढीचा माणूस. नवीन येणारा प्रत्येक जण हेच गाणं मागतो. जरूर घ्या, पण बैठकीच्या मध्यावर. सुरुवातीलाच म्हटलं तर निम्मे लोक ध्रुपदाच्या चार ओळी आठवत राहतात आणि झील बसायच्या आधीच विस्कटते.

अजून एक गोष्ट पहिल्याच दिवशी सांगून टाकावी: शँटी ही चाच्यांची गाणी नव्हेत. समुद्री चाचेगिरीचा ऐन काळ अठराव्या शतकाच्या सुरुवातीचा, शँटीचा त्यानंतर शंभर वर्षांनी. ब्रिटिश नौदलाच्या लढाऊ जहाजांवर तर कामाच्या वेळी गाणं सहसा चालतच नसे. ही गाणी व्यापारी जहाजांवर मजुरी करणाऱ्यांची आहेत. डोळ्यावर काळी पट्टी आणि चाच्यांची आरोळी आणली की त्या श्रमाची जागा फॅन्सी ड्रेस घेतो.

जागा

माणसं बारा ते चाळीस. बारापेक्षा कमी असली तर झील उघडी पडते आणि लाजरे लोक गप्प होतात. चाळीसच्या वर गेली की माइक लागतो, आणि माइक आला की मंच आला, मंच आला की श्रोते आले. हे टाळायचं आहे.

तालमीचा किंवा तरुण मंडळाचा स्लॅबचा हॉल सगळ्यात चांगला. पत्र्याची शेड जून ते सप्टेंबर घेऊच नका. कोल्हापूरचा पाऊस पत्र्यावर सुरू झाला की शेजारच्याचा आवाजही ऐकू येत नाही, सगळे ओरडायला लागतात आणि अर्ध्या तासात गळे बसतात. रिकाम्या, फरशीच्या हॉलमध्ये आवाज घुमून शब्द एकमेकांत मिसळतात. जाजम अंथरा, दोन भिंतींना सतरंज्या किंवा चादरी टांगा, फरक लगेच कळतो. रंकाळ्याच्या काठावर म्हणायचा मोह होतो, पण उघड्यावर आवाज परत येत नाही. आपला आवाज कमी पडतोय असं वाटून माणूस गळा ताणतो. तिथे जायचंच असेल तर पंचवीसच्या वर माणसं हवीत, पाठीशी भिंत हवी आणि वेळ अर्धा तासच.

बसायचं गोलात, दोन रांगांत, आणि गोलाचा व्यास सहा-सात मीटरच्या आत. याचं कारण साधं आहे. आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. वीस मीटर लांबच्या माणसाला पुढच्याची हाक सेकंदाच्या सहा शतांश भागानं उशिरा ऐकू येते आणि त्याचं उत्तर परत यायला तेवढाच वेळ लागतो. कानाला हे स्पष्ट कळत नाही, पण झील मागे ओढली जाते आणि पुढच्याला लोक रेंगाळताहेत असं वाटतं. लांबोळक्या हॉलमध्ये हा दोष हमखास येतो. पुढचाही गोलातच बसतो. त्याला वेगळी खुर्ची देऊ नका.

रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिक्षेपकावर 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी बंदी आहे. आपल्याकडे ध्वनिक्षेपक नसला तरी तीस जणांचे गळे आणि पाय आपटण्याचा आवाज गल्लीभर जातो. साडेनऊला थांबा, म्हणजे पुढच्या महिन्यात तोच हॉल पुन्हा मिळतो.

पट्टी

इथे अनुभवी गाणाऱ्यांचीच चूक जास्त होते. वारकरी भजनाला सरावलेले बुवा सवयीनं पेटीवरची काळी चार, काळी पाच ही उंच पट्टी धरतात. त्यांना ती शोभते, पण ऑफिसातून थेट आलेल्या माणसाचा गळा तिथे पोचत नाही. तो खालच्या सप्तकात घसरतो नाहीतर नुसते ओठ हलवतो. पट्टी झीलकऱ्यांसाठी असते, पुढच्यानं तिच्यात स्वतःला बसवायचं.

स्त्री-पुरुष मिसळून गात असतील तर पांढरी एकपासून वरच्या पांढरी दोनपर्यंतचा टप्पा, प्रत्येकानं आपापल्या सप्तकात, जवळपास सगळ्यांना झेपतो. गाण्यातला सगळ्यात खालचा आणि सगळ्यात वरचा स्वर शोधा आणि गाणं या टप्प्यात बसवा. ‘ड्रंकन सेलर’ची चाल काफी थाटातली म्हणावी अशी आहे, गंधार आणि निषाद कोमल. ती पंचमावर उभी राहते, खाली मंद्र कोमल निषादाला आणि वर तार षड्जाला शिवते. म्हणून तिचा सा पांढरी दोनला ठेवायचा. चाल खाली मंद्र पंचमापर्यंत आणि वर मध्य पंचमापर्यंत जात असेल तर सा पांढरी चारला. सा ते तार सा असेल तर काळी एक योग्य.

तंबोऱ्याचं अॅप गाण्याआधी सा देण्यापुरतं वापरा आणि गाणं सुरू झालं की बंद करा. साथीशिवाय गाणारा घोळका चार-पाच कडव्यांत थोडा उतरतोच. वरून तंबोरा चालू राहिला तर ते उतरणं कानाला बोचतं आणि लोक बिचकतात. दोन गाण्यांच्या मध्ये सा पुन्हा द्या, तेवढ्यानं भागतं.

झील बसवणं

बैठकीचा प्राण हा भाग आहे, आणि घाई होते तीही इथेच. पुढचा आधी सगळं गाणं गाऊन दाखवतो आणि मग ‘आता तुम्ही’ म्हणतो. तोवर लोक श्रोते झालेले असतात. उलट करा. गाणं काय आहे हे सांगण्याआधी झील म्हणून घ्या. पुढच्यानं एकदा म्हणायची, सगळ्यांनी दोनदा. मग न थांबता पहिली ओळ टाकायची. गाण्याची माहिती सांगायची ती गाणं झाल्यावर, आणि तीही चार वाक्यांत.

सरावासाठी मराठीतली साधी लांब ओढ घ्या. ठेका केरव्याचा, आठ मात्रा, वेग मिनिटाला शंभर मात्रा. पुढच्याची ओळ:

घाटाखाली वारा सुटला

घा, टा, खा, ली, वा, रा, सुट, ला. आठ मात्रा भरल्या. उत्तर:

ओढ गड्या, ओढ!

पहिल्या मात्रेवर ‘ओढ’, तिसरीवर ‘गड्या’, पाचवीवर ‘ओढ’. सहा, सात, आठ मोकळ्या. दोन ओढी, पहिल्या आणि पाचव्या मात्रेवर. मोकळ्या तीन मात्रांत दोर पुन्हा पकडायचा आणि श्वास घ्यायचा. पुढच्यानं तिथे शब्द भरू नयेत.

बिघडतं ते ठरलेल्या जागी. पहिला दोष ‘ओऽऽढ’ असं लांबवणं. आपल्याला आळवायची सवय आहे, पण लांबवलेल्या शब्दात ओढ नेमकी कुठे हे कुणालाच कळत नाही. ‘ओ’ समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, आपटला पाहिजे आणि ‘ढ’ला तुटला पाहिजे. दुसरा दोष मागचा-पुढचा शब्द चिकटवण्याचा. कुणीतरी उत्साहानं ‘आता ओढ गड्या’ म्हणतो. मग ‘आता’ समेवर येतो, ओढ पुढच्या मात्रेवर घसरते आणि निम्मे लोक एका ठिकाणी, निम्मे दुसऱ्या ठिकाणी ओढतात. जादा शब्द घालायचाच तर तो आधीच्या आठव्या मात्रेवर टाका, समेवर कधीच नाही. तिसरा दोष पुढच्याचा: आपली ओळ आठ मात्रांत न संपवता उत्तरावर चढणं. पोवाड्यात हे खपतं, इथे दोर ढिला पडतो.

कडवी पाठच असली पाहिजेत असं नाही. जहाजावर शँटीमन काम संपेपर्यंत ओळी जोडत राहायचा: जेवणाबद्दल, वाऱ्याबद्दल, घराच्या आठवणीबद्दल. आपणही पुढच्याच्या ओळी मराठीत रचाव्यात आणि झील मुळातली ठेवावी. इंग्रजी झिलीचं भाषांतर करू नका. तिच्यातले ‘वे’, ‘हे’, ‘हो’ हे आवाज जोर लावताना तोंडातून निघणारे आवाज आहेत. आपल्याकडच्या ‘हैय्या हो’सारखे. त्यांच्या जागी अर्थ असलेले शब्द बसवले की ओढच निघून जाते.

झील फळ्यावर देवनागरीत लिहा, मोठ्या अक्षरांत, तीन ओळींच्या आत. कागद वाटू नका. कागद हातात आला की मान खाली जाते आणि आवाज कागदातच जिरतो. लिहिताना गातात तसं लिहा, शाळेत शिकलो तसं नाही. ‘ड्रंकन सेलर’मध्ये ‘अर्ली’ हा शब्द बहुतेक ठिकाणी ‘अर्लाय’ असा म्हणतात. फळ्यावर ‘अर्ली’ लिहिलं की लोक शेवटचा ‘ली’ पातळ काढतात आणि तोंड मिटतं. ‘अर्लाय’ लिहिलं की तोंड उघडतं आणि आवाज दुप्पट होतो.

दोर

पहिल्या दोन-तीन बैठकांत दोर आणाच. एकदा ओढून बघितलं की दोन ओढींच्या मधला विसावा कशासाठी, हे समजावत बसावं लागत नाही. रस्सीखेचीचा सुती दोर तालमीत असतो, दहा-बारा मीटर पुरे. नायलॉनचा घेऊ नका, हात भाजतो. आठ जण एका बाजूला, चार जण दुसऱ्या टोकाला. चौघांनी थोडा थोडा सोडायचा, धरून बसायचं नाही. ही स्पर्धा नाही. दोर खांबाला किंवा खिडकीच्या गजाला बांधू नका, आणि मनगटाला वेढा कुणीही घेऊ नये. चप्पल काढा, पायमोजे घालून फरशीवर उभं राहू नका. एका ओढीला दोर हातभर आला की लय बरोबर. वीतभरच आला तर लोक एकत्र ओढत नाहीत. अशा वेळी जोर वाढवायला सांगू नका. नुसतं उत्तर चार वेळा म्हणून घ्या आणि मग पुन्हा दोर उचला.

जोतिबाच्या यात्रेत सासनकाठी तोलणारी माणसं बैठकीत असली तर त्यांना दोराच्या पुढच्या टोकाला उभं करा. उंच काठीच्या दोऱ्या एका तालात ताणणं आणि सोडणं त्यांच्या अंगात असतं, बाकीचे त्यांच्याकडे बघून शिकतात.

लय

टाळ्या पळतात. प्रत्येक जण मागे पडू नये म्हणून केसभर आधी वाजवतो आणि तिसऱ्या कडव्याला दुगुन, म्हणजे दुप्पट लय, झालेली असते. म्हणून ठेका पायानं धरा. पाय जड असतो, पळत नाही. गोलात समोरासमोर दोन भरवशाचे लोक बसवा आणि पाय फक्त त्यांनीच आपटायचा. टाळ्या शेवटून दुसऱ्या गाण्याला. हलगी बंद हॉलमध्ये आणू नका. तिच्यापुढे शब्द टिकत नाहीत, आणि शब्दच ऐकू आले नाहीत तर उत्तर कशाला द्यायचं? दिमडी चालेल, तीही चालण्याच्या गाण्यांना. सहा मात्रांत डोलणाऱ्या चालींना दादरा फार सहज बसतो. बऱ्याच कोळीगीतांची चाल याच अंगाची असल्यामुळे त्या लोकांना लगेच जमतात. चालण्याची गाणी खरोखर गोल चालत म्हणा, मिनिटाला नव्वद पावलं. जोरात चाललं की धाप लागते आणि ध्रुपद तुटतं.

काय घ्यावं, काय गाळावं

शँटीची बरीचशी मुळं अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या बंदरांत आहेत. तिथे जहाजात कापसाच्या गाठी ठासणाऱ्या कृष्णवर्णीय मजुरांच्या गाण्यांतून हाक आणि उत्तराची ही पद्धत जहाजांवर आली. हे बैठकीत आवर्जून सांगावं. मात्र जुन्या पाठांत त्याच लोकांना हिणवणारे शब्दही आहेत, आणि बायकांबद्दल अश्लील कडवी तर भरपूर. प्रत्येक गाण्याचे शब्द आधी शेवटपर्यंत वाचा, अर्थ न कळलेला शब्द शोधा आणि नको ती कडवी सरळ गाळा. शँटीला ठरलेली कडवी कधीच नव्हती, त्यामुळे गाळल्यानं काही मोडत नाही.

कोळीगीतं घेताना पारंपरिक कोणतं आणि कुणा गीतकार-संगीतकाराचं कोणतं हे तपासा. कॅसेटवर गाजलेली अनेक गाणी दुसऱ्या प्रकारातली आहेत. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षं हक्क राहतो. तिकीट लावणार असाल तर अशी गाणी परवानगीशिवाय नकोत. भलरी आणि मोटेवरची गाणी मात्र अवश्य घ्या. ती मिळतील करवीर, पन्हाळा, राधानगरीकडच्या म्हाताऱ्या माणसांकडे. विचारून रेकॉर्ड करा, चाल सुधारू नका.

संध्याकाळ

साडेसात ते साडेनऊ, चौदा-पंधरा गाणी. पहिलं गाणं ओळखीच्या झिलीचं, भलरी सर्वांत चांगली. मग आखूड ओढीचं एक, लांब ओढीची दोन-तीन उभ्यानं. त्यानंतर बसून म्हणायचं संथ गाणं. पाऊण तासानं दहा मिनिटं थांबा आणि कोमट पाणी द्या. भडंग आणि चिवडा यावेळी बाहेर काढू नका, कोरडे कण घशात अडकून पुढची दोन गाणी खोकण्यात जातात. ते शेवटी, चहाबरोबर. तांबडा-पांढरा रस्सा ओरपून कुणी गायला बसत नाही, म्हणून जेवणाचा बेत असेल तर तोही गाण्यानंतर.

दुसऱ्या भागात पुढचा बदला. तीन-चार जण आलटून पालटून पुढे आले तर एकाच्या गळ्यावर ताण येत नाही आणि नवीन माणूसही तयार होतो. नवख्याला ज्या गाण्याची झील सगळ्यांना पाठ झाली आहे तेच गाणं द्या. तो अडला तर झीलकऱ्यांनी उत्तर पुन्हा म्हणायचं, तेवढ्यात त्याला पुढची ओळ सुचते. चालण्याचं मोठ्या ध्रुपदाचं गाणं शेवटून दुसरं, आणि अगदी शेवटी संथ, हळू आवाजातलं.

एका वहीत प्रत्येक गाण्यापुढे पट्टी, वेग आणि झील किती वेळा शिकवावी लागली ते लिहा. तीनपेक्षा जास्त वेळा लागली असेल तर ते गाणं पुढच्या महिन्यात दुसऱ्या भागात टाका. पावसाळ्यात दोर ओलसर राहिला तर आतून कुजतो आणि वरून दिसत नाही. गुंडाळून कोपऱ्यात टाकू नका. सैल वेटोळं करून सावलीत, वारा लागेल असा टांगा, आणि पुढच्या बैठकीआधी पीळ उलगडून एकदा आतून बघा.